महामार्ग आला म्हणजे विकास झाला?

समृद्धी महामार्गावर मेहकरला इंटरचेंज आहे. नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. खर्च पंचावन्न हजार कोटींच्या वर गेला. या पैशातून पैनगंगेकाठच्या मेहकर तालुक्याला काय मिळणार, यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. सगळा पैसा ठेकेदारांनी खाल्ला, असं काही जण म्हणतात. रस्ता आला, आता भरभराट आलीच, असं बाकीचे म्हणतात. दोन्ही मतं तपासून पाहायला हवीत.

पहिलं मत आकड्यांपुढे टिकत नाही. सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या सरकारी खर्चाचा हिशेब मांडला. रस्ते, धरणं, वीज अशा भांडवली कामांवर सरकारने एक रुपया खर्च केला, तर देशाच्या उत्पन्नात सुमारे २.४५ रुपयांची भर पडते. तोच रुपया अनुदान म्हणून वाटला, तर भर जेमतेम एक रुपयाची. सिमेंट, पोलाद, मजुरी, वाहतूक असा पैसा हातोहात फिरतो आणि रस्ता मागे उरतो तो वेगळाच. मात्र ही देशाची सरासरी आहे. ज्या गावातून रस्ता गेला, त्या गावाच्या वाट्याला किती आलं, हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या गैरसमजाची जागा नेमकी इथे आहे. सॅम अॅशर आणि पॉल नोव्होसाद यांनी पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. पक्का रस्ता आल्यावर बरेच लोक शेती सोडून बाहेरच्या कामाला जाऊ लागले. पण गावातलं पीक, उत्पन्न किंवा मालमत्ता यांत फारसा बदल झाला नाही. तेवढ्यावरून रस्ते निरुपयोगी ठरत नाहीत. दवाखाना, शाळा, बाजार जवळ येतो, हा लाभ मोठाच आहे. पण रस्त्याने माणूस आणि माल हलतो. गावात धंदा उभा राहायला आणखी बरंच काही लागतं.

समृद्धीचंच पाहा. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना त्यावर बंदी आहे. वेगवान रस्त्यावर सुरक्षेसाठी ती हवीच. पण त्यामुळे सोयाबीनची पोती ट्रॉलीत भरून शेतकऱ्याला थेट महामार्गावर चढता येत नाही. माल कुठेतरी गोळा व्हावा लागतो, वाळवून, निवडून, तोलून ट्रकमध्ये भरावा लागतो. हे सगळं इंटरचेंजच्या आसपास झालं तर त्यातली कमाई तालुक्यात राहते. नाहीतर माल कच्चाच निघून जातो. हे ओळखूनच मेहकरजवळ साब्रा-काब्रा परिसरात कृषी समृद्धी नवनगराची योजना आखली गेली. खरं तर महामार्गाइतकीच घाई या कामाची व्हायला हवी. नागपूर–संभाजीनगर जुन्या रस्त्यावरच्या डोणगाव, मेहकर, सुलतानपूरच्या ढाब्यांना, पंक्चरवाल्यांना लांबच्या गाड्यांचं गिऱ्हाईक होतं. त्या गाड्या आता समृद्धीवरून वरच्या वर निघून जातात. देशाच्या हिशेबात वेळ आणि डिझेल वाचतं. त्या दुकानदाराच्या हिशेबात गल्ला कमी होतो.

एकाला लाभ, दुसऱ्याला तोटा, असं मेहकरच्याच जिल्ह्यात आधीही घडून गेलं आहे. १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांकडे पाठवण्यासाठी हा फाटा होता. खामगावची बाजारपेठ गजबजली, कापूस पिकवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. त्याच गाडीने विलायती कापड आत आलं आणि हातमागांचा धंदा बसला. तरीही डेव्ह डोनाल्डसन यांच्या अभ्यासानुसार, ब्रिटिश भारतात रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचं खरं उत्पन्न सरासरी १६ टक्क्यांनी वाढलं. लाभ मोठा होता; फक्त तो सगळ्यांना सारखा मिळाला नाही.

काम जितकं मोठं तितका फायदा मोठा, हाही समज बरोबर नाही. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर बांधलं. पुरेशी जहाजं आली नाहीत आणि २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. मेहकर तालुक्यात पेनटाकळी धरण उभं राहिलं. पण त्याच्या कालव्यातून पाणी पाझरून काठच्या शेतजमिनींचं नुकसान होत असल्याची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षं करत आले. अशा कालव्याच्या अस्तरीकरणावर घातलेला पैसा उद्घाटनाच्या फितीत दिसत नाही. भिजलेल्या रानात मात्र तो पहिल्याच हंगामात दिसतो.

मेहकरची जागा मोक्याची आहे. समृद्धी पूर्व–पश्चिम जाते आणि शेगाव–पंढरपूर राष्ट्रीय महामार्ग मेहकरवरूनच लोणारकडे उतरतो. मेहकरला अजून रेल्वे मात्र नाही. तालुक्याने आता सरकारकडे आणखी एका चौपदरी रस्त्याआधी मागायला हव्यात त्या गोष्टी अशा: इंटरचेंजलगत गोदामं, डाळ आणि तेल प्रक्रियेला पुरेल अशी दिवसाची वीज, आणि गावातून तिथवर ट्रॅक्टर नेता येईल असे पाणंद रस्ते.