ढगाचं गणित आणि माणसाचा नंबर



करकंबात पाऊस अन् शेजारच्या शिवारात धूळ, हे आपण नेहमीच पाहतो. मग अंदाज जुळायचा कसा? संगणक नकाशावर चौकटी आखून एकेका चौकटीचं गणित मांडतो. पूर्वी चौकट १२ किलोमीटरची होती. पुणे व नोएडा येथील महासंगणकांवर सरकारने ८५० कोटी रुपये घातले. पुण्याच्या ‘अर्क’वर मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज निघू लागला. चौकट लहान, तितका अंदाज शिवाराजवळ. तरी एकट्या शेताचा अंदाज त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. आता आधार व सातबारा जोडून शेतकरी ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो सक्तीचा झाला.

पण यंत्र माणूस ओळखत नाही. अक्षरं अन् अंगठा ओळखतं. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, की काम अडलं. खुरप्यानं झिजलेला अंगठा उठत नाही, तेव्हा मोबाईलवरचा ओटीपी उपयोगी पडतो; मात्र मोबाईल आधारला जोडलेला हवा.

तरी सभासदांनी दोन्ही नावं ताडून पाहावीत व दुरुस्ती हंगामाआधीच करून घ्यावी. एकदा तोड सुरू झाली, की सवड कुठली?