एका बोटाने न चालणारी कळ

तेरेखोल गाव गोव्याचे, पेडणे तालुक्यातले. पण वसले आहे नदीच्या उत्तर काठावर. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जावे, नाहीतर सिंधुदुर्गातल्या रेडीकडून रस्त्याने यावे. अशा सरहद्दीच्या मुलखातली लग्ने एका तालुक्यात मावत नाहीत. नवरी पेडण्याची, नवरा सावंतवाडीचा, मामा बेळगावचे. म्हणून १९९० च्या आसपास लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटला मोठा मान होता. ज्यांना लग्नाला येणे जमले नाही त्यांच्याकडे ती पाठवली जाई, आणि घरोघर फिरून महिन्या-दोन महिन्यांनी परत येई.

ती कॅसेट ज्या टेबलावर तयार होई, तिथल्या यंत्रांकडे आपले कधी लक्ष गेले नाही. टीव्ही केंद्रांतली आणि मोठ्या स्टुडिओंतली एडिटिंगची यंत्रे आज पाहिली, तर त्यांवरचे खटके आणि कळा चमत्कारिक वाटतात. काही कळा एकट्या दाबल्या तर काहीच होत नाही! त्यामागे चांगले कारण आहे.

अँपेक्स कंपनीचे व्हिडिओ टेपचे यंत्र १९५६ मध्ये आले. तेव्हा दोन इंच रुंद टेप खरोखर ब्लेडने कापून जोडत. टेपवरचे चित्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोखंडाच्या बारीक भुकटीचे द्रावण लावून त्याच्या रेघा शोधाव्या लागत. पुढे कापाकापी थांबली आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घेण्याची पद्धत आली. सोनीचे यू-मॅटिक १९७१ मध्ये आणि बीटाकॅम १९८२ मध्ये बाजारात आले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या बातम्यांसाठी यू-मॅटिकच्या जाडजूड कॅसेट वापरात होत्या.

या पद्धतीत एक मोठा धोका होता. नवीन चित्र उतरले की त्याखालचे जुने कायमचे पुसले जाई. आज संगणकावर चुकले तर एक पाऊल मागे घेता येते. टेपवर ती सोय नव्हती. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी सावधपणा त्या कळांतच बसवला.

सोनीच्या एडिटिंग डेकवर ‘इन’ नावाचे बटण असे. चित्र कुठून उतरवायचे ती जागा त्याने ठरत असे. पण नुसते ‘इन’ दाबून काही होत नसे. शेजारचे ‘एंट्री’ बटणही त्याच वेळी दाबावे लागे. रेकॉर्डिंगसाठीही ‘प्ले’ आणि ‘रेक’ दोन्ही एकदम दाबावी लागत. एक बोट चुकून पडू शकते. दोन बोटे सहसा मन लावूनच पडतात.

दुसरी गंमत गोल चकतीची. एका प्रकारात ती जितकी फिरवावी तितका वेग वाढे आणि टेप पुढे-मागे धावे. तीच चकती दाबली की तिचा स्वभाव बदले. मग हाताने हळूहळू फिरवत एकेक चित्र पुढे सरकवता येई. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे. अंतरपाट नेमका कोणत्या चित्रात दूर झाला, ते या चकतीवर बोटांनी शोधत.

‘प्रीरोल’ ही कळ दाबली की टेप ठरलेल्या जागेच्या सुमारे पाच सेकंद मागे जाऊन उभी राही. गोलंदाजाला धाव घ्यावी लागते तसेच हे. दोन्ही यंत्रांचा वेग जुळल्याशिवाय जोड नीट बसत नसे.

सर्वांत जपून वापरायची जोडी म्हणजे ‘असेंबल’ आणि ‘इन्सर्ट’. ‘इन्सर्ट’मध्ये चित्र, पहिला आवाज, दुसरा आवाज यांची वेगवेगळी बटणे. मंगलाष्टकांचा आवाज सलग ठेवून वर फक्त पाहुण्यांचे चेहरे बसवता येत. ‘असेंबल’ मात्र चित्र, आवाज आणि टेपला ताल देणारा कंट्रोल ट्रॅक, सगळेच नव्याने लिही, आणि जिथे थांबे तिथे चित्र फाटे. पूर्ण झालेल्या कॅसेटच्या मधोमध इन्सर्टऐवजी असेंबल दाबले गेले, तर रात्रभराचे काम पाण्यात!

शेवटचा पहारेकरी म्हणजे ‘रेक इनहिबिट’ हा खटका. तो लावला की यंत्र रेकॉर्डिंगच करत नसे. यू-मॅटिक कॅसेटच्या तळाशी लाल बोंडी असे. ती काढून टाकली की त्या कॅसेटवर काही उतरवता येत नसे. घरच्या व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडाही त्याचसाठी. तो मोडायचा राहिला, म्हणून किती लग्नांवर क्रिकेटचे सामने उतरले असतील! मोठ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. टेप महाग म्हणून बीबीसीने १९६० च्या दशकातले कितीतरी कार्यक्रम स्वतःच पुसून टाकले.

हे सारे आज सांगायचे कारण तुमच्या कपाटात आहे. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत चालले आहेत. आपल्या दमट हवेत टेपला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट घाईने यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. पाठीवरचा तुकडा शाबूत असेल तर आजच मोडा. मग संगणकावर प्रत करून घ्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. पडद्यावर दिसणारी माणसे कोण, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. ती माहिती कोणत्याच यंत्रात नाही.

घाई करणाऱ्याला कन्नडमध्ये आपण ‘निधान’ म्हणतो, म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्या जुन्या कळा बनवणाऱ्यांना यातली कोणतीही भाषा येत नसावी, पण दोन्ही अर्थ त्यांनी बरोबर ओळखले होते.