यकृत बदलावे की गोळी घ्यावी?

पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरील पोव्होआ द व्हार्झिम हे मासेमारीवर वाढलेले शहर. तेथील कोळ्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या एका रोगाला लोक ‘पावलांचा आजार’ म्हणत. तिशीच्या सुमारास पायाच्या बोटांना चटका बसलेला कळेनासा होतो. मग बधिरपणा वर चढतो, पोट बिघडते, शरीर झिजते. उपचार न झाल्यास दहाबारा वर्षांत सारे आटोपते. आईबापांपैकी एकाला हा रोग असला, तर प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याचा संभव निम्मा. डॉ. कोरिनो द आंद्रादे यांनी १९५२ साली या मज्जातंतुविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

ट्रान्सथायरेटिन नावाचे, मुख्यतः यकृतात तयार होणारे प्रथिन सदोष निघते, त्याचे चार भाग सुटतात आणि त्यांचे तंतू मज्जांवर साचतात. तेव्हा कारखानाच बदलावा, हा विचार ओघानेच आला. १९९० साली स्वीडनमध्ये अशा रोग्यावर पहिले यकृतरोपण झाले. काढलेले यकृत एरवी धडधाकट असते. म्हणून १९९५ साली कोइंब्रा येथे ते दुसऱ्या मरणासन्न रोग्याला बसविण्यात आले. काटकसर विलक्षण खरी, पण अशा काही रोग्यांना पुढे हाच आजार जडला! शिवाय रोपणाने गेलेली संवेदना परतत नाही, डोळा व मेंदू सदोष प्रथिन स्वतःच बनवीत राहतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात.

प्रथिनाचे चार भाग बांधून ठेवणाऱ्या ताफामिडिस या औषधास २०११ साली युरोपात मान्यता मिळाली. रोज एक गोळी, पोटावर सुरी नाही. मात्र अमेरिकेच्या नियामकांनी मज्जाविकारासाठी ते मान्य केले नाही, आणि त्याचा खरा उपयोग रोगाच्या आरंभीच होतो. २०१८ साली आलेले पॅटिसिरॅन यकृतातील उत्पादनच रोखते. २०२२ पासून त्याच जातीचे व्हुट्रिसिरॅन तीन महिन्यांतून एकदा टोचता येते.

आज औषधालाच अग्रमान द्यावा, असे माझे मत आहे. परंतु ‘आधी गोळी घेऊन पाहू’ या वाक्यात एक धोका दडलेला आहे. गोळी लागू पडत नसताना वर्ष-दोन वर्षे गेली, तर तेवढ्या अवधीत गेलेल्या मज्जा पुढचे कोणतेही औषध अथवा रोपण परत आणीत नाही. म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी हवीच. खर्चाचाही हिशेब वेगळा: शस्त्रक्रियेचा मोठा भार एकदाच पडतो, ही महागडी औषधे मात्र आयुष्यभर चालतात, आणि तो भार सरकारी तिजोरीने उचलला नाही तर कोळ्याच्या घराला पेलवणारा नाही.

उपाय नव्हता तेव्हा पंचविशीतल्या मुलाने रक्ततपासणी टाळली, तर त्याला दोष देता येत नव्हता. आता तीच तपासणी त्याला आपल्या पावलांना बधिरपणा येण्यापूर्वी करून घ्यायची आहे.