जोडीने चालणाऱ्या संख्या

एखाद्या शाळेतील पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सर्व मुलांची वीत मोजावी आणि प्रत्येक मूल एका मिनिटात किती शब्द अचूक वाचते, याचीही नोंद करावी. मग आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वितीची लांबी व उभ्या रेषेवर शब्दांची संख्या घेऊन प्रत्येक मुलासाठी एकेक ठिपका द्यावा. हे ठिपके कागदभर विखुरणार नाहीत. डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या एका पट्ट्यात ते दाटलेले दिसतील. ज्याची वीत मोठी, त्याचे वाचन चांगले, असाच याचा अर्थ. मग बोटे ताणून वीत वाढविली तर वाचन सुधारेल काय? या प्रश्नाने कोणालाही हसू येईल. वीत आणि वाचन दोन्ही वाढतात ती वयाबरोबर, आणि वय तर आपण कागदावर मांडलेच नव्हते.

जिचे मूल्य बदलत असते अशा राशीला गणितात चल म्हणतात. दोन चल एकमेकांच्या सोबतीने बदलत असले, तर त्यांच्यात सहसंबंध आहे असे म्हणतात. एक वाढला असता दुसराही वाढत असेल, तर तो धन सहसंबंध होय. एक वाढला असता दुसरा घटत असेल, तर तो ऋण सहसंबंध होय. या दोन्ही वाक्यांत ‘बहुधा’ हा शब्द गृहीत धरावयाचा असतो. आईबाप उंच असून मुलगा ठेंगणा निघाल्याची उदाहरणे आपल्या पाहण्यात असतात. तेवढ्याने सहसंबंध नाहीसा होत नाही. ठिपक्यांचा पट्टा थोडा रुंद होतो, इतकेच. आईबाप व मुले यांच्या उंचीचा असाच अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८८ साली सहसंबंध मोजण्याची कल्पना मांडली, आणि १८९६ साली कार्ल पिअर्सन याने त्यासाठी सूत्र दिले. त्या सूत्राने येणारी संख्या उणे १ आणि अधिक १ यांच्या दरम्यान असते. ठिपके चढत्या सरळ रेषेवर तंतोतंत बसले तर ती अधिक १ येते, उतरत्या रेषेवर बसले तर उणे १.

परंतु कारण कोणते, हे ती संख्या सांगत नाही. शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण कमी असतात, तेव्हा शिकवणीनेच मुले बिघडतात, असे काही पालक मला मोठ्या विश्वासाने सांगत. अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाच शिकवणी लावली जाते, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

वीत आणि शिकवणी यांत फसगत झाली तरी फारसे बिघडत नाही. लंडन शहरात मात्र एकदा अशाच एका प्रश्नावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते. १८४८-४९ साली तेथे पटकीची साथ येऊन चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली. जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातील विल्यम फार या विद्वान गृहस्थांनी या मृत्यूंचे आकडे अत्यंत परिश्रमपूर्वक तपासले. थेम्स नदीच्या भरतीच्या पातळीपासून २० फुटांपर्यंत उंचीच्या वस्त्यांत दर १०,००० माणसांमागे १०२ मृत्यू झाले होते. २० ते ४० फुटांवरील वस्त्यांत ६५, आणि ४० ते ६० फुटांवर ३४. उंची वाढेल तसे मृत्यू कमी, असा हा स्पष्ट ऋण सहसंबंध होता. दूषित हवेमुळे साथी पसरतात, असे त्या काळी बहुतेक वैद्यांचे मत होते. नदीकाठची कुजट हवा सखल भागात साचून राहते, म्हणून तेथे पटकी अधिक, असा निष्कर्ष विल्यम फार यांनी काढला.

जॉन स्नो या डॉक्टरांना हे पटले नाही. पटकी पोटात सुरू होते, तेव्हा तिचे विष तोंडावाटे, म्हणजे पाण्यावाटे जात असले पाहिजे, असे ते १८४९ पासून म्हणत होते. सखल वस्त्यांपैकी पुष्कळशा थेम्सच्या दक्षिण तीरावर होत्या, आणि शहराचे सांडपाणी जेथे नदीत सुटे, तेथूनच उपसलेले पाणी त्यांना मिळत असे. तेव्हा मृत्यूंना कारण सखल जागा, की तेथील पाणी? दोन्ही गोष्टी एकत्रच नांदत असल्यामुळे नुसत्या आकड्यांवरून हे ओळखणे शक्य नव्हते.

१८५४ साली पुन्हा साथ आली, तेव्हा ही गाठ सोडविण्याची संधी मिळाली. दक्षिण लंडनच्या अनेक रस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी होते. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा शहराच्या वरच्या बाजूस, स्वच्छ पात्रात हलविला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र गढूळ पात्रातलेच पाणी देत होती. रस्ता तोच, उंची तीच, हवाही तीच. भेद केवळ पाण्याचा. मृतांचे पत्ते घेऊन स्नो घरोघर हिंडू लागले. पुष्कळ घरांत आपले पाणी कोणत्या कंपनीचे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा स्नो बाटलीत पाणी भरून घेत आणि त्यातील मिठाचे प्रमाण तपासत. खालच्या पात्रातील पाण्यात ते सुमारे चाळीसपट असल्याने कंपनी तत्काळ ओळखू येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचे पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते, तर लॅम्बेथच्या घरांत ३७.

एवढे होऊनही स्नो यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही, आणि १८५८ साली ते वारले. विल्यम फार यांनी मृतांचे पत्ते पुरवून स्नो यांच्या तपासाला साहाय्य केले होते, ही गोष्ट मला त्यांच्या कोष्टकांहूनही मोठी वाटते. १८६६ साली पूर्व लंडनमध्ये पटकी उद्भवली, तेव्हा त्यांनी प्रथम पाणी कोठून येते ते पाहिले, आणि तेथील पाणी पुरविणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत, आणि त्यांच्या वस्तीजवळच्या तळ्याच्या पाण्यातही, स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू आढळले.