मांजर व्यायला आली, पण नेमकी कधी?

बालाघाट–नैनपूर रेल्वेमार्गावरचे लामता हे धान पिकवणाऱ्या मुलखातले, जंगलाच्या शेजारचे गाव. धानामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. अशा गावातली मांजर घरात वावरते, पण बहुधा कोणाच्या मालकीची नसते. तिचे पोट सुटलेले सगळ्यांना दिसते, मात्र ती कधी विणार याचा अंदाज सहसा कोणालाच नसतो. एखादी खात्रीची खूण मिळाली की हा प्रश्न सुटेल, असे आपल्याला वाटते. पण मांजरीच्या बाबतीत अशी एकच खूण नाही. अनेक खुणा कोणत्या क्रमाने येतात हे पाहावे लागते. आणि त्या क्रमाचा मोठा उपयोग मुहूर्त काढायला नव्हे, तर अडलेली मांजर वेळेत ओळखायला होतो.

पहिला आधार दिवसांचा. मांजरीचे अंडे समागमानंतरच, साधारण एक-दोन दिवसांत सुटते आणि गर्भ सरासरी ६३ ते ६५ दिवस वाढतो. हिशेब सोपा वाटतो. पण माजावर आलेली मांजर काही दिवसांत अनेकदा आणि अनेक बोक्यांशी जुगते. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात ते यामुळेच. मग दिवस मोजायचे कुठून? शिवाय निरोगी मांजरही या सरासरीच्या काही दिवस अलीकडे-पलीकडे विते. त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रे गुलाबी होऊन फुगतात, ती खूण उपयोगी. ती दिसली की अजून सुमारे सहा आठवडे आहेत असे समजावे. स्तनांत दूध बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांत उतरते, पण काहींना आधीच, तर काही पहिलटकरणींना व्याल्यावरच पान्हा फुटतो.

यावर कोणी म्हणेल, थर्मामीटर आहे की. त्यामागचे शास्त्र खरे आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवते आणि शरीराचे तापमान किंचित चढे राखते. प्रसूतीआधी ते घटते, स्नायू आकुंचनाला मोकळे होतात आणि तापमान तात्पुरते उतरते. कुत्रीमध्ये ही उतरण बऱ्यापैकी भरवशाची असते. मांजरीचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. तेही प्रसूतीआधी १०० च्या खाली येऊ शकते, पण प्रत्येकीत येतेच असे नाही आणि आले तरी काही तासांत निसटून जाते. ते पकडायचे तर दिवसातून दोनदा गुदद्वारातून तापमान घ्यायला हवे. अर्धवट माणसाळलेल्या मांजरीला तसे धरले तर ती बिथरेल आणि व्यायची जागाच बदलेल. मोजमाप करताना मोजायची गोष्टच बिघडत असेल, तर ते साधन तिथे कुचकामी ठरते.

म्हणून वागणूक पाहावी. पाळीव मांजर ही पश्चिम आशियातल्या रानटी मांजरीची वंशज; एकटीने शिकार करणारी आणि स्वतःही मोठ्या श्वापदांची शिकार होऊ शकणारी. तिची पिल्ले आंधळी आणि असहाय जन्मतात. आडोसा हाच त्यांचा बचाव. रानमांजरही पिल्ले दडवते. पुणे जिल्ह्यात ऊसतोडीच्या वेळी फडात रानमांजरांची पिल्ले सापडतात ती त्यामुळेच. घरातली मांजरही व्यायच्या आधी काही दिवस कोठीमागे, माळ्यावर, तणसाच्या ढिगात अंधारी जागा हुडकते. मग प्रसूतीचा पहिला टप्पा येतो. ती खाणे टाकते, आत-बाहेर येरझारा घालते, अंथरूण उकरते, मागचा भाग सारखा चाटते, धापा टाकते किंवा घुरघुरते. हा टप्पा १२ ते २४ तास चालू शकतो. काही मांजरी या वेळी माणसाला चिकटतात, काही दिसेनाशा होतात. म्हणून तिचा स्वभाव कसा आहे यापेक्षा तो बदलला का, हे पाहणे महत्त्वाचे.

हजारो वर्षे मांजरी आपापल्या वीत आल्या, मग ही उठाठेव कशाला, हा आक्षेप बराचसा रास्त आहे. गन-मूर आणि थ्रसफील्ड या ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ५.८ टक्के वेतांत प्रसूती अडल्याचे आढळले. डेव्हन रेक्स जातीत हे प्रमाण १८ टक्क्यांवर होते, तर संमिश्र जातीच्या मांजरींच्या एका मोठ्या समूहात जेमतेम ०.४ टक्के. गावठी मांजरी अशाच संमिश्र वंशाच्या, म्हणून त्यांच्यात हात घालायची गरज क्वचितच पडते. पिल्लू मागच्या पायांनी बाहेर आले तरी घाबरू नये, मांजरीत ते नेहमीचेच आहे. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचे अंतर पडते. कधी मांजर निम्मी पिल्ले देऊन थांबते, त्यांना पाजते आणि दुसऱ्या दिवशी उरलेली देते. ती शांत असेल, तर हेही स्वाभाविकच.

पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. जोराच्या कळा अर्ध्या तासाहून अधिक चालूनही पिल्लू न येणे, पिल्लू अर्धे अडकणे, पहिल्या पिल्लाआधी हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, थांबत नसलेला रक्तस्राव, मांजर गळून जाणे, ७० दिवस उलटणे: यातले काहीही दिसले तर वाट पाहू नये. अशा वेळी गोठ्यातल्या सवयीने ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचणे घातक. वाट अडलेली असताना आकुंचन वाढवले तर गर्भाशय फाटू शकते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे; तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकाला फोन करताना कळा कधी सुरू झाल्या आणि किती पिल्ले आली, एवढे सांगता आले तरी उपचाराची दिशा ठरते. ही माहिती तापमापकापेक्षा लांबून लक्ष ठेवणाऱ्याकडेच असते. म्हणून शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यात जुने कापड घातलेले खोके ठेवावे, मांजर आत असताना कोठीची कडी लावू नये, आणि येरझारा सुरू झाल्या की घड्याळात वेळ पाहून ठेवावी. ती कधी विणार हे तिचे ती ठरवील. मदत कधी लागेल, हे मात्र आपल्याला कळायला हवे.