मुलीला नर्सिंगला पाठवायचंय? मग बारावीच्या निकालाची वाट पाहू नका

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की संध्याकाळी आमच्या घरी दोन-चार पालक येतात. हातात मार्कशीटची प्रिंट, सोबत मुलगी. "सर, पोरीला नर्सिंगला टाकायचं आहे. फॉर्म कुठं भरायचा?" आम्ही विचारतो, "सीईटी दिली का?" मुलगी वडिलांकडे पाहते, वडील आमच्याकडे. कोणीच बोलत नाही. मार्क चांगले असतात, मुलगी हुशार असते, घरच्यांची तयारीही असते. पण बी.एस्सी. नर्सिंगचं दार त्या वर्षापुरतं केव्हाच बंद झालेलं असतं.

गिरडसारख्या गावात ही गोष्ट वेळेवर कोणी सांगत नाही. समुद्रपूर, हिंगणघाटला शिकणाऱ्या मुलींनाही ती उशिरा कळते. म्हणून अकरावी-बारावीत मुलं-मुली असलेल्या सगळ्या घरांसाठी आज सविस्तर लिहितो आहोत.

आधी कोर्स समजून घ्या

'नर्सिंग' हा एकच कोर्स नाही. मुख्य तीन आहेत.

एएनएम हा दोन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेतून पास असली तरी चालते. गावच्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायांची तपासणी करणाऱ्या सिस्टर बहुतेक हाच कोर्स करून आलेल्या असतात.

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा. यालाही कला शाखेची मुलगी जाऊ शकते. बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के हवेत. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवता येते.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. यासाठी बारावी सायन्स, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण पाहिजे. शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी घाबरायचं कारण नाही, पण अकरावीपासून रोज थोडं इंग्रजी वाचायची सवय लावा.

जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग हे कोर्स मुलांसाठीही आहेत. हे फक्त बायांचं काम, हा समज आता सोडायला हवा.

सीईटी म्हणजे काय?

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. इंजिनिअरिंग-फार्मसीची एमएचटी-सीईटी वेगळी आणि ही वेगळी. ती दिली म्हणून ही झाली, असं समजून बसलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

या परीक्षेत १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड या प्रत्येकावर २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. गुणवत्ता यादी या सीईटीच्या गुणांवर लागते. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. बारावीत ८० टक्के आहेत म्हणून नंबर लागेल, असं नाही.

२०२५ मध्ये ही परीक्षा एप्रिल महिन्यात झाली. म्हणजे बारावीच्या निकालाच्या आधी. फॉर्म तर त्याच्याही आधी भरायचा असतो. म्हणून बारावीच्या वर्षी डिसेंबर लागला की दर आठवड्याला सीईटी कक्षाची वेबसाइट उघडून पाहायची. मोबाइल घरोघरी आहे, हे काम मुलीवर सोपवा. एएनएम-जीएनएमचे प्रवेश कसे होणार, याची सूचनाही त्या-त्या वर्षी निघते, तीही पाहत राहा.

सीईटी झाल्यावर निकाल, मग केंद्रीय प्रवेश प्रक्रिया म्हणजे कॅप. त्यासाठी पुन्हा वेगळं रजिस्ट्रेशन असतं. कागदपत्रं अपलोड करायची, कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची. पसंती भरताना पहिलं सरकारी कॉलेज, मग कमी फीचं, मग जवळचं, असा विचार करा. नंबर लागला की ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. तारीख चुकली की जागा पुढच्या मुलीला जाते.

खरी अडचण कागदांची

इथे आमची एक चूक सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीला सीईटीत चांगले गुण मिळाले होते. घराणं पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्याचं काम करणारं, म्हणजे ओबीसीत बसणारं. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं. वडिलांच्या दाखल्यावरही तेच. जातीचा दाखला निघाला नाही, ती खुल्या वर्गातून गेली. खाजगी कॉलेजात जागा मिळाली, पण पूर्ण फी भरावी लागणार होती. घरच्यांना ते झेपलं नाही. मुलगी वर्षभर घरी बसली. आम्ही तिला दोन वर्षं शिकवलं, पण तिचा दाखला एकदाही उघडून पाहिला नव्हता. तेव्हापासून अकरावीच्या पहिल्या महिन्यातच आम्ही प्रत्येक मुलीचा दाखला मागवून पाहतो.

मोमीन, अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मनियार अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. आडनाव शेख आहे म्हणजे खुला वर्ग, असं नसतं. धंदा आणि जमात काय होती, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

ओबीसीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात. तो आजोबा-पणजोबांच्या कागदात सापडतो. ते ज्या शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा काढा. शाळा शिकलेच नसतील तर कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. जुनी खरेदीखतं, जमिनीचे कागद पाहा. काकांच्या, आत्यांच्या दाखल्यावर जात लिहिलेली असेल तर तेही कामी येतं. हे शोधायला महिने लागतात. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत ते होत नाही.

पुरावा मिळाला की सेवा केंद्रातून अर्ज करायचा. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो मिळाला की जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. तिचा अर्ज अकरावी-बारावी सायन्समध्ये असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. याशिवाय नॉन-क्रिमीलेयर लागतं. त्यावरची मुदत नीट पाहा. ती पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत हवी. जुनं नॉन-क्रिमीलेयर लावून अनेकांचे अर्ज अडकतात.

ज्यांची जात कोणत्याच राखीव यादीत नाही आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. सय्यद, पठाण अशा बऱ्याच घरांना हा उपयोगी आहे, पण माहीत नसल्यामुळे काढला जात नाही. हा दाखलाही त्या-त्या वर्षाचा लागतो.

बाकी कागद सगळ्यांना सारखे: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आधार, मेडिकल फिटनेस, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

नावाचा घोळ

आपल्या घरांत ही अडचण फार. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख सानिया शेख रहीम', आधारवर 'सानिया परवीन', बँकेत 'सानिया शेख'. वडिलांचं नाव एका कागदावर 'मो.', दुसऱ्यावर 'मोहम्मद', तिसऱ्यावर 'मोहंमद'. आपल्यासाठी माणूस एकच, पण कॉम्प्युटरसाठी तिघं वेगळे.

दहावीची मार्कशीट हा आधार माना आणि बाकी सगळे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारमधली दुरुस्ती केंद्रावर होते. मार्कशीटवरच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आठवी-नववीत मुलं असतील तर आत्ताच शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव पाहून या. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्ती करणं सगळ्यात सोपं.

फीचं काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि दरवर्षी करायचा.

ज्या मुलीची गोष्ट वर सांगितली, तिची अडचण आता कळली असेल. एक कागद नसला की आरक्षण जातं आणि फी माफीही जाते.

महाडीबीटीवर अल्पसंख्याक विभागाची शिष्यवृत्तीही असते आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देतं. दागिने गहाण टाकायच्या आधी या दोन्ही ठिकाणी चौकशी करा.

कॉलेज खरं आहे का, ते पाहा

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग कॉलेज आहे. सावंगी मेघेलाही नर्सिंग कॉलेज आहे, पण ते अभिमत विद्यापीठाचं असल्यामुळे तिथली प्रवेश प्रक्रिया आणि फी वेगळी. नागपूरला सरकारी आणि खाजगी दोन्ही आहेत.

पण शहरात काही ठिकाणी 'सहा महिन्यांत नर्सिंग', 'दहावी पासवर नर्स' अशा पाट्या दिसतात. अशा कोर्सने नर्स होता येत नाही. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर लागतो आणि तो मान्यताप्राप्त कोर्स केल्यावरच मिळतो. म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: नर्सिंग कौन्सिलच्या यादीत तुमचं नाव आहे का? परीक्षा कोण घेतं? बी.एस्सी. असेल तर उत्तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठ असं यायला हवं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

घरातले प्रश्न

शेवटी जे प्रश्न ऑफिसात नाही, घरात विचारले जातात, त्यांच्याबद्दल. "रात्रीची ड्युटी असते. परक्या पुरुषांना हात लावावा लागतो. लग्नाला अडचण येईल."

रात्रीची ड्युटी असते, हे खरं आहे. लपवण्यात अर्थ नाही. ती आळीपाळीने असते आणि वॉर्डात सोबत इतर स्टाफ असतो. हॉस्टेल कुठे आहे, रात्री ने-आण कशी होते, युनिफॉर्मसोबत स्कार्फची मुभा आहे का, हे प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारा. अम्मीला सोबत न्या. एकदा हॉस्टेल डोळ्यांनी पाहिलं की अर्धी भीती जाते.

आणि हे काम आपल्याला नवं नाही. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत उपचारासाठी ठेवलं होतं. तो तंबू मस्जिद-ए-नबवीत होता. जखमींची सेवा करणारी बाई तेव्हा इज्जतीचीच मानली गेली. आज आपल्या घरातली बाई आजारी पडली की आपण म्हणतो, लेडीज सिस्टर पाहिजे. मग ती सिस्टर कोणाच्या तरी घरातूनच येणार ना?

कामाचं म्हणाल, तर सरकारी दवाखाने, खाजगी हॉस्पिटल सगळीकडे नर्स लागतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बी.एस्सी.वाल्या थेट बसू शकतात, जीएनएमवाल्या दोन वर्षांच्या अनुभवानंतर. आणि एम्स आता नागपूरलाच आहे.

आजपासून काय करायचं?

अकरावीत मुलगी असेल तर याच आठवड्यात तिचा, वडिलांचा आणि आजोबांचा दाखला काढून एका फाइलमध्ये ठेवा आणि जातीचा रकाना वाचा. नावं जुळतात का ते पाहा. बारावी सुरू होण्याआधी जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटीचा अर्ज झालेला पाहिजे. डिसेंबरपासून सीईटीच्या सूचनेवर लक्ष ठेवा. सीईटीच्या फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख आणि वर्ग भरल्यावर सबमिट करण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

काही समजलं नाही तर मुलीच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारायला संकोच करू नका. आमच्याकडेही या. मात्र मे महिन्यात मार्कशीट घेऊन येण्यापेक्षा आत्ता दाखले घेऊन या. मग इन्शाअल्लाह वेळेत काम होईल.