चाकणचा वेढा आणि फारसी वाचणारे मराठी संशोधक

महाळुंगे इंगळेच्या औद्योगिक वसाहतीपासून चाकणचा संग्रामदुर्ग फार लांब नाही. कारखाने आणि कंटेनरच्या रांगा मागे टाकल्या की गावाच्या वस्तीत भुईकोटाची उरलीसुरली तटबंदी दिसते. १६६०च्या जूनमध्ये मोगल सुभेदार शाइस्तेखानाने या किल्ल्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराजांचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने तो ऑगस्टच्या मध्यापर्यंत झुंजवला. १४ ऑगस्टला मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला. तरीही गड पडायला दुसरा दिवस उजाडावा लागला, आणि मोगलांकडील राजपूत सरदार राव भाऊसिंह हाड्याच्या मध्यस्थीने तो खानाच्या हाती आला. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. पुढे चाकणला त्यांनी इस्लामाबाद हे नाव दिले.

हे आकडे आपल्याला शत्रूच्याच लेखणीतून मिळतात. औरंगजेबाचा दरबारी इतिहासकार मुहम्मद काझिम याच्या ‘आलमगीरनामा’ या फारसी ग्रंथात वेढ्याची हकिगत आहे. बादशहाच्या विजयाची गाथा लिहिणाऱ्याला एका लहानशा भुईकोटासाठी एवढी माणसे गेल्याचे नोंदवावे लागले. फिरंगोजीच्या शौर्याचा याहून भक्कम पुरावा मला तरी दुसरा वाटत नाही. पण तो हाती यायचा तर कुणीतरी फारसी शिकायला हवी होती.

ती शिकणारी माणसे पुण्यात निपजली. १९१०मध्ये वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि मूळ कागदाशिवाय इतिहास नाही हा आग्रह रुजला. १९२५मध्ये माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश आला. कवी माधव जूलियन म्हणून आपण त्यांना ओळखतो. फारसीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी संशोधकांवर केलेले उपकार मात्र विसरून जातो. १९२८मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी ‘साधन-चिकित्सा’ लिहून शिवशाहीची साधने तपासायची कशी, हाच ग्रंथाचा विषय केला. पुढे १९४४मध्ये त्यांनी भारतातल्या मुस्लिम शिलालेखांच्या अभ्यासावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक काढले. ग. ह. खऱ्यांनी १९३४पासून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्या’चे खंड दिले आणि नवख्यांच्या हाताशी असावा म्हणून ‘संशोधकाचा मित्र’ लिहिला.

असा मित्र का लागतो, हे चाकणच्याच वेढ्यावरून कळते. तो शके १५८२चा, हिजरी १०७०चा, शुहूर १०६१चा आणि औरंगजेबाच्या तिसऱ्या जुलूस (राज्यारोहण) वर्षाचा. हिजरी वर्ष चांद्र, त्यामुळे ते ऋतूंना धरून राहत नाही, दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते. शुहूर सन मात्र मृगाला सुरू होतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी लागल्यावर ६००. मराठी कागदांत हा सन आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो: इहिदे, इसन्ने, सलास. गावोगावचे कुलकर्णी ते सहज लिहीत. मराठी महसुली दप्तर नीट वाचायचे तर अरबीची तोंडओळख हवीच. तारखेत एका वर्षाची चूक झाली तरी कोण कुठे होते याची सगळी मांडणी कोसळते.

सेतुमाधवराव पगडींनी या कामाला वेगळी उंची दिली. निलंग्यात जन्मलेला, हैदराबाद संस्थानाच्या सेवेतला हा माणूस फारसी-उर्दूत घरच्यासारखा वावरे. मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. या अखबारांचे मोल त्यांच्या ताजेपणात आहे. आज दरबारात काय घडले, बादशहा काय म्हणाला, कुणाला काय मिळाले, हे त्या त्या दिवशी टिपलेले. त्याउलट खाफीखान या इतिहासकाराने आपला इतिहास औरंगजेब गेल्यानंतर लिहिला. अखबार लिहिणारा आणि खाफीखान दोघेही फारसीत लिहितात, तरी दोघांची साक्ष एका मोलाची नव्हे. कोणी, कधी, कोणासाठी लिहिले हे आधी विचारायचे, ही शिस्त या पिढ्यांनी मराठीला लावली. गजानन मेहेंदळ्यांच्या शिवचरित्रात तिचा कस प्रत्येक पानावर लागतो.

मला काळजी आहे ती पुढच्या फळीची. फिरंगोजीच्या नावाने घोषणा देणारे तरुण या पट्ट्यात हजारोंनी आहेत. आलमगीरनाम्याचे एक पान मुळातून वाचू शकणारे मात्र अगदी मोजके निघतील. अनुवादावर भागते, असे म्हणून चालणार नाही. अनुवाद तपासायलाही मूळ वाचणारा लागतोच. सुरुवात जवळूनच करता येईल. राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, दिलावरखानाची कबर आणि मशीद आहे, आणि तिथल्या लेखात हिजरी १०२२, म्हणजे १६१३चे साल आहे. निजामशाहीचा कारभार मलिक अंबर पाहत होता, त्या काळातली ही इमारत. चाकण-खेडच्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या मुलांना वर्षभर फारसी लिपी शिकवावी आणि बेंद्र्यांचे शिलालेखांवरचे पुस्तक हाती देऊन त्या लेखासमोर उभे करावे.